परक्या धावपट्टीवर इंजिन अडलं तर : वाचकांचे प्रश्न

या खेपेची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी दिसली. बहुतेकांच्या इंजिनाची कुरबुर घरच्या हँगरपासून लांब असतानाच सुरू झाली होती. घरी इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी हाकेच्या अंतरावर नेहमीचा मेकॅनिक असतो आणि त्याला त्या इंजिनाचा स्वभाव पाठ असतो. परक्या विमानतळावर माणसं अनोळखी, हत्यारं दुसऱ्याची आणि डोक्यात परतीची वेळ. अशा वेळी दोष आपोआप नाहीसा झाला की जीव भांड्यात पडतो आणि आपण निघतो. माझा आग्रह आहे की निघायच्या आधी दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत, दोष कशामुळे आला आणि कशामुळे गेला. त्यातली एक जरी सांगता येत नसेल तर विमान जमिनीवरच राहू द्या.

खालचे आकडे ज्या इंजिनाचे आहेत त्याचं नाव सोबत दिलं आहे. तुमच्या विमानाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचा धरा.

प्रश्न : मॅडम, माझं सेसना १७२ आहे, इंजिन लायकॉमिंग ओ-३२०. गेल्या आठवड्यात दुसऱ्या विमानतळावरून परत निघताना टॅक्सी (विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेणं) बरीच लांब झाली, वर पुढे दोन विमानं असल्यामुळे थांबावं लागलं. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीला, डावा मॅग ठीक होता (मॅग म्हणजे मॅग्नेटो, प्लगना ठिणगी पुरवणारा भाग; असे दोन असतात). फक्त उजव्यावर टाकताच आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) दोनशेच्या वर घसरले आणि इंजिन थडथडायला लागलं. सोबतच्या मित्राच्या सांगण्यावरून मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) लीन करून, म्हणजे त्यातलं पेट्रोल कमी करून, थोडा वेळ चालवलं, तशी घसरण ऐंशीवर आली आणि थडथडही गेली. मग उडालो, नीट पोहोचलो. हे बरोबर केलं का? आणि तेवढ्याने सुटलं नसतं तर काय करायचं होतं?

उत्तर : बरोबर केलंत. तुमच्या बाबतीत कारणही समोर आहे, लांब टॅक्सी, रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं मिक्स्चर आणि त्यात घाण धरलेला स्पार्क प्लग.

विमानाच्या १०० एलएल पेट्रोलच्या नावात 'लो लेड' (कमी शिसं) असलं तरी एका लिटरमध्ये ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. ते सिलिंडरमध्ये साचू नये म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घातलेलं असतं. शिशाशी संयोग होऊन ते वायुरूपात एक्झॉस्टमधून निघून जावं, अशी योजना आहे. पण हे घडायला प्लगचं टोक पुरेसं तापलेलं लागतं. रिच मिक्स्चरवर आयडलला, म्हणजे अगदी मंद गतीवर, बराच वेळ चालवलं की टोक थंड राहतं आणि इलेक्ट्रोडच्या भोवतीच्या खोबणीत शिशाचे बारीक करडे मणी जमतात. खालच्या प्लगना हा त्रास जास्त, कारण तेल आणि कचरा खालीच उतरतो.

आरपीएम किती घसरले हे सगळे बघतात. मी त्याआधी ते कसे घसरले ते ऐकते. इंजिन गुळगुळीत चालत असताना जास्त घसरण झाली, तर मिक्स्चर फार रिच आहे किंवा त्या मॅग्नेटोचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सरकलं आहे, असा संशय घ्यायचा. थडथडत घसरलं तर एखाद्या सिलिंडरमध्ये त्या मॅगची ठिणगी पडतच नाहीये. सेसना १७२ एनच्या पुस्तिकेत १७०० आरपीएमला एका मॅगवर १२५ पेक्षा जास्त घसरण नको आणि दोन्ही मॅगमधला फरक ५० पेक्षा जास्त नको, असं आहे. पण ११० घसरून थडथडणारं इंजिन आकड्यात बसतं म्हणून पास करू नका.

प्लग साफ करायची रीत अशी. नाक वाऱ्याकडे, प्रॉपेलरखाली सुटी खडी नाही याची खात्री, ब्रेक घट्ट. साधारण १८०० ते २००० आरपीएमवर मिक्स्चर हळूहळू मागे घ्या, म्हणजे लीन करा. आरपीएम आधी चढतील, मग उतरायला लागतील. ते चढलेले असतात तिथेच मिनिटभर ठेवा. सिलिंडर आणि तेलाच्या तापमानावर नजर असू द्या. मग मिक्स्चर पुन्हा पुढे घेऊन मॅग तपासा. दोन वेळा करूनही सुटलं नाही तर तिसऱ्यांदा करू नका. विमान परत पार्किंगला न्या.

तिथे आधी सिलिंडर शोधायचा. उजव्या मॅगवर थडथड म्हटल्यावर तुमच्या इंजिनात शोध बराच आटोपशीर होतो. लायकॉमिंगमध्ये सहसा उजवा मॅग्नेटो उजव्या बाजूचे खालचे आणि डाव्या बाजूचे वरचे प्लग पेटवतो. घाण धरणारे खालचे, म्हणजे पहिला संशय एक आणि तीन नंबरच्या खालच्या प्लगांवर. (कॉन्टिनेन्टलमध्ये सिलिंडरचे नंबर मागून पुढे मोजतात, हे तिथे लक्षात ठेवा.) खात्री करायला इंजिन थंड होऊ द्या, पुन्हा सुरू करून लगेच खराब मॅगवर टाका, हजार-बाराशे आरपीएमवर मिनिटभराच्या आत मिक्स्चर ओढून बंद करा. काउलिंग (इंजिनावरचं आवरण) उघडून सिलिंडरजवळच्या एक्झॉस्ट पाइपवर पाण्याचा एकेक थेंब टाका. तीन ठिकाणी थेंब चर्रकन उडून जाईल. चौथ्यावर तो नुसता ओघळला की तो तुमचा सिलिंडर. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम. बोट लावून बघू नका.

त्या सिलिंडरचे वरचा आणि खालचा प्लग अदलाबदल करा आणि पुन्हा रन-अप घ्या. दोष दुसऱ्या मॅगवर सरकला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर प्लगपर्यंत येणारी वायर किंवा मॅग्नेटो खराब, आणि मग काम मेकॅनिकचं. ही अदलाबदल मला फार प्रिय आहे. नवा भाग न घालता, कुणाच्या अंदाजावर न विसंबता उत्तर हातात येतं.

प्लग काढलाच आहे तर शिशाचे मणी बारीक टोच्याने अलगद काढा, सिरॅमिकला धक्का न लावता. रोधक असलेल्या प्लगचा रोध मीटरने मोजा. ५००० ओहमच्या वर गेला असेल तर तो दिसायला कितीही चांगला असो, बाद करा. हातातून जमिनीवर पडलेला प्लगही बाद. सिरॅमिकची बारीक चीर डोळ्याला दिसत नाही, पण सिलिंडरच्या दाबाखाली ती महागात पडते. परत बसवताना तांब्याचं वॉशर नवं घ्या. लायकॉमिंगला टॉर्क ३५ फूट-पाउंड. प्लग साफ करायची मुभा काही देशांत वैमानिक-मालकाला असते, काही ठिकाणी परवानाधारक इंजिनिअरची सही लागते. तुमच्या नोंदणीला कोणता नियम लागू आहे ते घरून निघायच्या आधी माहीत असू द्या.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. मॅगवर टाकल्यावर घसरण अजिबात झालीच नाही तर खूश होऊ नका. बंद केलेला मॅग्नेटो खरं तर बंद झालेलाच नाही, त्याची ग्राउंडची वायर तुटली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. असं इंजिन किल्ली 'ऑफ'वर असतानाही प्रॉपेलर हलवताच पेट घेऊ शकतं. काउलिंग उघडून प्रॉपेलरच्या जवळपास हात घालणार असाल तेव्हा दोन्ही मॅग जिवंत आहेत असंच समजून वावरा, रोज आणि प्रत्येक वेळी.

आणि यापुढे टॅक्सी करताना मिक्स्चर चांगलं मागे ओढून ठेवा. इतकं की थ्रॉटल चुकून पुढे ढकललं तर इंजिन अडखळलं पाहिजे. म्हणजे तसंच लीन ठेवून टेक-ऑफला लागायची भीतीही राहत नाही.

प्रश्न : ताई, बाहेरगावी दोन रात्री विमान उघड्यावर होतं. सकाळी सुरू केल्यावर इंजिन मिनिटभर जोरात हलत होतं, जणू एक सिलिंडर चालतच नाही. मग एकदम सुरळीत झालं. रन-अप एकदम स्वच्छ, दोन्ही मॅग उत्तम. तिथल्या एकांनी सांगितलं, थंडीत असं होतंच, गरम झालं की जातं. दुसऱ्या दिवशी घरीही थोडं तसंच झालं. इंजिन लायकॉमिंग ओ-३६०. काळजी करायची का?

उत्तर : हो, करायची. आणि तपासणी होईपर्यंत उडू नका. हे मी ठासून सांगते, कारण 'गरम झालं की जातं' या वाक्याने जितकं नुकसान केलंय तितकं फार थोड्या वाक्यांनी केलं असेल.

तुम्ही लिहिलेली लक्षणं अडकणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची आहेत. इंग्रजी बोलणारे मेकॅनिक याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी एका नळीसारख्या गाइडमधून खालीवर होते. त्या गाइडमध्ये कार्बन आणि शिशाचा थर बसत जातो आणि दांडीला हलायला जागा कमी पडते. इंजिन थंड असताना ती इतकी कमी असते की व्हॉल्व्ह उघडा अडकून राहतो आणि तो सिलिंडर मुका होतो. इंजिन तापलं की दांडी सुटते, आवाज सुरळीत होतो आणि रन-अपला काहीच सापडत नाही. तुमचे मॅग उत्तम आले ते यामुळेच. दोष मॅगमध्ये नव्हताच.

थर मात्र तिथेच आहे आणि वाढतो आहे. पुढच्या खेपेला व्हॉल्व्ह बंद स्थितीत घट्ट धरला गेला तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी तरफ) त्याला उघडायला जोर लावतो आणि पुशरॉड (रॉकरला ढकलणारी दांडी) वाकतो. त्याच्या भोवतीची नळी फुटून तेल बाहेर येतं. हे टेक-ऑफनंतर शंभर फुटांवर झालं तर काय, याचा विचार करा.

लायकॉमिंगने या विषयावर सर्व्हिस बुलेटिन ३८८ काढलेलं आहे. त्यात व्हॉल्व्ह आणि गाइडमधली जागा कशी मोजायची ते दिलंय, आणि अडकण्याचा संशय आला तर ठरलेल्या तासांची वाट न बघता मोजा, असंही. थर काढायची पद्धत सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२५ मध्ये आहे. बऱ्याचदा सिलिंडर उतरवावाही लागत नाही. व्हॉल्व्हची स्प्रिंग काढायच्या आधी प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोर सरकवतात, पिस्टन वर आणून तो दाबतात, म्हणजे व्हॉल्व्ह आत पडत नाही. मग व्हॉल्व्ह आत सरकवून गाइड रीमरने साफ करतात. हे काम वैमानिकाचं नाही, पण असं करता येतं हे तुम्हाला माहीत असलं की 'सिलिंडरच बदलावा लागेल' म्हणणाऱ्याला तुम्ही चार प्रश्न विचारू शकाल.

सरळ व्हॉल्व्हवर जायच्या आधी एक सोपी गोष्ट बघून घ्या. प्रायमरचा, म्हणजे सुरू करताना आधी पेट्रोल देणाऱ्या हातपंपाचा, दांडा पूर्ण आत जाऊन फिरवून बंद झालेला आहे ना? तो सुटा राहिला तर इंजिन जास्तीचं पेट्रोल ओढतं, आयडलला लंगडतं आणि काळा धूर दाखवतं. पण ते मिनिटभराने बरं होत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत मला तो संशय कमी वाटतो.

पुढच्या वेळी कुणाचंही इंजिन असं हललं तर ते हलत असतानाच फोनवर चित्रीकरण करा, आवाजासकट. इंजिन मॉनिटर असेल तर त्याची नोंद उतरवून घ्या. पहिल्या मिनिटात एकाच सिलिंडरचं एक्झॉस्ट तापमान वर चढलंच नाही, असं त्यात दिसलं की मेकॅनिकचं अर्धं काम झालं. इंजिन सुरळीत झाल्यावर त्याला दाखवायला तुमच्याकडे दुसरं काही उरत नाही.

प्रश्न : मॅडम, आमचं विमान फ्युएल इंजेक्शनचं आहे. इंधन भरायला उतरलो की अर्ध्या तासाने सुरूच होत नाही. सकाळी एका झटक्यात होतं. बॅटरी संपेस्तोवर स्टार्टर मारावा लागतो.

उत्तर : इंजिन बंद झालं की त्यावरून हवा वाहायची थांबते आणि सिलिंडरची उष्णता वर चढते. पेट्रोल वाटून देणारा भाग आणि त्याच्या बारीक नळ्या नेमक्या इंजिनाच्या माथ्यावर असतात. त्यातलं पेट्रोल उकळतं, नळ्यांत वाफ भरते. अशा इंजिनाला सकाळसारखं प्राइम केलं की काही थेंब कुठे पोहोचले आणि किती, याचा पत्ता लागत नाही.

इंजेक्शनच्या लायकॉमिंगला बहुतेक वेळा हे लागू पडतं : पेट्रोलचा पंप बंद, मिक्स्चर पूर्ण मागे, थ्रॉटल अर्धा इंच उघडं, स्टार्टर. इंजिनाने धरलं की मिक्स्चर हळूच पुढे. यानेही झालं नाही आणि तुम्ही मध्ये पंप चालवला असेल तर पेट्रोल जास्त झालंय असं धरा. मिक्स्चर मागेच, थ्रॉटल पूर्ण उघडं, स्टार्टर. धरताच थ्रॉटल मागे आणि मिक्स्चर पुढे. दोन्ही हात तयार ठेवा. इंजेक्शनच्या कॉन्टिनेन्टलमध्ये पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी असते. त्यामुळे मिक्स्चर मागे ठेवून पंप थोडा वेळ चालवला की थंड पेट्रोल फिरून पंप आणि नळ्या निवतात. तुमच्या पुस्तिकेत ही रीत असेल तर ती पाळा.

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको, मध्ये विश्रांती हवीच. आणि सतत पंप मारत राहू नका. साचलेलं पेट्रोल पेटलं तर आग इनटेकमध्ये लागते. तसं झालं तर स्टार्टर सोडायचा नाही. मिक्स्चर मागे, थ्रॉटल उघडं, इंधनाचा कॉक बंद, आणि इंजिन फिरवत राहून आग आत ओढून घ्यायची.

उतरल्यावर नाक वाऱ्याकडे करून उभं करा आणि तेल तपासायचं झाकण उघडं ठेवा. एवढ्यानेही फरक पडतो. निघताना ते बंद करायची आठवण मात्र ठेवा.

प्रश्न : ताई, कॉन्टिनेन्टल ओ-२०० इंजिनाच्या विमानातून जाताना आरपीएम हळूहळू कमी झाले, थोडी थडथडही जाणवली. जवळच्या धावपट्टीवर उतरलो. खाली सगळं ठणठणीत! तिथल्या मेकॅनिकला काहीच सापडलं नाही. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होता का? बाहेर तर १८ अंश होते.

उत्तर : १८ अंश ऐकून बर्फाची शक्यता सोडू नका. कार्ब्युरेटरच्या अरुंद भागात हवा वेगाने जाते, त्यात पेट्रोलची वाफ होते आणि तिथलं तापमान वीस-पंचवीस अंशांनी किंवा त्याहून जास्त उतरू शकतं. हवा दमट असली की झालं. या इंजिनाला ती खोड तर आहेच. आणि बर्फ असा पुरावा आहे की तो उतरेपर्यंत वितळून जातो.

म्हणून तुम्हाला आठवून सांगावं लागेल. दवबिंदू किती होता? तापमानाच्या जवळ असेल तर बर्फाला बळकटी. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढली होती का, आणि ओढल्यावर इंजिन आधी आणखी बिघडून मग सुधारलं का? तसं झालं असेल तर मी बर्फ मानेन, कारण वितळलेलं पाणी इंजिनातून जाताना तसंच होतं. हीट ओढलीच नसेल तर बर्फ हा फक्त अंदाज आहे आणि बाकीच्या शक्यता खोडाव्या लागतील.

आधी पेट्रोलमधलं पाणी. सगळ्या ड्रेनमधून (तळाचं पेट्रोल काढायच्या तोट्यांतून) नमुना काढा. कपात तळाशी पाण्याचा थेंब दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण कप पूर्ण पाण्याने भरला असेल तर रेघ दिसत नाही, नमुना स्वच्छ वाटतो. १०० एलएल निळसर असतं. नमुन्याला रंगच नसेल तर थांबा. मग टाकीची हवेची नळी. कीटक तिच्यात एका दिवसात मातीचं घर करतात. इंजिन पेट्रोल ओढत राहतं, आत हवा शिरत नाही आणि पुरवठा हळूहळू आटतो. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला तर तुम्हाला उत्तर मिळालं. उतरल्यावर कुणी झाकण उघडलं होतं का, हेही विचारा. उघडलं असेल तर तो पुरावाही गेला.

यानंतर जमिनीवर पूर्ण थ्रॉटल देऊन स्थिर आरपीएम पुस्तिकेतल्या मर्यादेत येतात का ते बघा, दोन्ही मॅग तपासा आणि कार्ब हीट ओढा. हीट ओढल्यावर आरपीएम उतरलेच पाहिजेत. उतरले नाहीत तर झडप फिरतच नाहीये, केबल सुटली आहे किंवा पाइप फाटलाय, आणि पुढच्या खेपेला बर्फ आला तर तुमच्याकडे उपाय नाही.

प्रश्न : विमानाच्या पोटावर तेलाचे पट्टे दिसतात. किती तेल भरून घरी येऊ?

उत्तर : किती भरायचं हा दुसरा प्रश्न, कुठून येतंय हा पहिला. ओ-३२० च्या बहुतेक प्रकारांत ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे साधारण एक लिटर) मावतात, पण अनेक इंजिनं वरचे एक-दोन ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) फेकून देतात आणि सहाच्या आसपास स्थिर राहतात. तसं असेल तर पट्टा ब्रीदरच्या नळीपासून मागे सुरू झालेला दिसेल. पोट आणि इंजिन पुसून कोरडं करा, पाच मिनिटं चालवा, बंद करून टॉर्चने बघा. पुशरॉडच्या नळ्या, रॉकर कव्हर, ऑइल कूलरचे होज. ओला भाग ताजा असतो तेव्हाच मूळ कळतं. होजमधून किंवा प्रॉपेलरच्या मागच्या सीलमधून येत असेल तर कितीही तेल भरलंत तरी निघू नका.

प्रश्न : मॅडम, परगावी अडकलेल्या विमानाची कॉम्प्रेशन तपासणी झाली. एक सिलिंडर ८० पैकी ५८ आला. तिथले मेकॅनिक सिलिंडर उतरवायचं म्हणतात. मी नाही म्हणू शकतो का?

उत्तर : 'नाही' म्हणायच्या आधी त्यांना विचारा, हवा कुठून जातेय? या तपासणीत प्लगच्या भोकातून ८० पीएसआय दाबाची हवा देतात आणि सिलिंडर किती धरून ठेवतो ते बघतात. निसटणारी हवा ऐकू येते. एक्झॉस्ट पाइपपाशी फुसफुस असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घ्यायच्या तोंडाशी असेल तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या नळीत असेल तर रिंगा. नुसता ५८ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

दुसरं, इंजिन गरम असताना मोजलं होतं का? थंड इंजिनावर घेतलेला आकडा मी विचारात घेत नाही. रिंगांमधून जात असेल तर इंजिन तापवून पुन्हा मोजल्यावर आकडा बऱ्याचदा चांगला वर येतो. लायकॉमिंग ६० च्या खाली गेल्यास सिलिंडर काढण्याचा विचार करायला सांगतं, म्हणजे तुमचा आकडा त्या काठाच्या जरा खाली आहे. कॉन्टिनेन्टलमध्ये मर्यादा मास्टर ऑरिफिस नावाच्या उपकरणाने त्याच दिवशी ठरवतात. तिथे ५८ मान्य मर्यादेत बसू शकतो.

तिसरं, बोअरस्कोप. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा बघा. ठेवीचे रंग मध्याभोवती सारखे, गोलाकार असतील तर व्हॉल्व्ह नीट बसतोय. कडेच्या एकाच बाजूला वेगळा डाग असेल तर ती बाजू जास्त तापतेय, व्हॉल्व्ह जळतोय. हवा एक्झॉस्टमधून जाते आणि असा डागही दिसतो, तर मेकॅनिकचं ऐका आणि सिलिंडर तिथेच उतरवा. तिथे शक्य नसेल तर तुमच्या देशाच्या नियमांनुसार विशेष उड्डाण परवानगी मागता येते का ते विचारा, पण जळत्या व्हॉल्व्हसाठी ती मी मागणार नाही आणि तुम्हीही मागू नका.

मेकॅनिकवर अविश्वास दाखवायची गरज नाही. तुमचं इंजिन ते पहिल्यांदा बघताहेत. मागच्या तपासणीचे आकडे त्यांच्यापुढे ठेवा, तुमच्या घरच्या मेकॅनिकला फोनवर जोडून द्या आणि दोघांना बोलू द्या.

प्रश्न : मी नुकतीच स्वतःच्या विमानातून लांबच्या फेऱ्या सुरू केल्या आहेत. सोबत कोणती हत्यारं ठेवू?

उत्तर : थोडी, पण तुमच्याच विमानाची. काउलिंगच्या स्क्रूला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर, प्लगसाठी ७/८ इंचाचा खोल सॉकेट, दोन नवे प्लग त्यांच्या वॉशरसकट, इंजिनात चालू असलेल्याच प्रकारचं दोन क्वार्ट तेल, लहान मल्टिमीटर, आरसा, डोक्याला लावायचा टॉर्च, सेफ्टी वायर आणि ती पिळायची पक्कड, हातमोजे, भरपूर फडकी. हवा आत घ्यायच्या तोंडांना लावायची झाकणंही घ्या. पक्षी काउलिंगमध्ये एका दुपारीत घरटं करतात, आणि ते सिलिंडरवर पेटतं.

फोनमध्ये लॉगबुकच्या शेवटच्या पानांचे, शेवटच्या कॉम्प्रेशन तपासणीचे आणि इंजिनाच्या डेटा प्लेटचे फोटो ठेवा. परक्या मेकॅनिकला भाग मागवायचा असेल तर इंजिनाचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लागतो, आणि तो नेमका काउलिंगखाली असतो. चांगल्या दिवशी, सगळं व्यवस्थित असताना, पॅनेलचाही एक फोटो काढून ठेवा, क्रूझला आणि रन-अपला. तेलाचा दाब आज कमी आहे की नेहमीच इतका असतो, हे अडचणीच्या वेळी आठवत नाही.

टॉर्क रेंच जड म्हणून घरी राहिला तर चालेल, तो सहसा उसना मिळतो. घेताना त्याच्यावरची कॅलिब्रेशनची तारीख तेवढी बघून घ्या.